चौकटीचे प्रश्न : पोरांची चित्रं भिंतीवर लावताना

गेल्या महिन्यात या सदरात लग्नाच्या जुन्या फोटोंबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज विचारलं, की घरातल्या पोरांच्या चित्रांचं तुम्ही काय करता? पत्रांचा ढीग आला. बहुतेकांची तक्रार एकच. चित्रं रोज होतात, भिंत तेवढीच, आणि दुकानात फ्रेम करायला टाकावं तर खिसा रिकामा होतो.

आमचं फ्रेमचं दुकान कोल्हापुरात, पापाच्या तिकटीजवळ. वडिलांच्या हाताखाली मी पट्टी कापायला शिकले, आता भाचा गल्ल्यावर बसतो. देव, पैलवान, लग्नातले जोडीचे फोटो, सत्काराची मानपत्रं, सगळं आम्ही काचेत घातलंय. फ्रेमवालीनंच लोकांना घरी फ्रेमा करायला शिकवायचं म्हणजे आपल्याच धंद्यावर धोंडा, असं भाचा बोलूनही गेला. पण पोरांच्या चित्राला दुकानातली पक्की फ्रेम लागतच नाही, असं माझं मत आहे. आम्ही मागून चुका ठोकतो, वर कागद चिकटवतो आणि फ्रेम कायमची बंद करतो. मानपत्राला ते बरोबर आहे. पोराचं चित्र मात्र पुढच्या महिन्यात बदलायचं असतं. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत माझा हट्ट एकच आहे : चौकट उघडता आली पाहिजे, आणि चित्राला असं काही करायचं नाही जे उद्या काढता येणार नाही.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. रोज चित्र काढतो आणि रोज ते फ्रीजवर लावायला लावतो. चुंबकं सरकतात, चित्रं खाली पडतात, पायाखाली येतात. ऑनलाइन सामानाचे खोके घरात भरपूर आहेत. त्यातून फ्रेम होईल का? मला हस्तकलेचं काही जमत नाही, हे आधीच सांगते. – एक आई, चिंचवड

खोका उघडता येतो ना? मग जमेल. वर-खाली सपाट कागद आणि मधे नागमोडी, असा साधारण ३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या. घड्या, टेप आणि पत्त्याचं लेबल असलेला भाग सोडून मधला सपाट तुकडा वापरा.

मुलाचे कागद ए४ आहेत असं धरते, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर. ३१ बाय ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. एक पाठ, एक तोंड. तोंडाच्या तुकड्यात २० सेंटिमीटर रुंद आणि २८.७ उंच अशी खिडकी कापायची. डाव्या-उजव्या बाजूला साडेपाच, वर ५.३ आणि खाली ६ सेंटिमीटर काठ राहील. खालचा काठ मुद्दाम जास्त आहे. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर डोळ्याला चित्र खाली सरकल्यासारखं वाटतं. हे माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा असा खिडकीचा पुठ्ठा, कापणारा कुठलाही माणूस सांगेल.

आता मधला थर. याच पुठ्ठ्याच्या ४.८ सेंटिमीटर रुंद आणि ४० लांब अशा दोन उभ्या पट्ट्या कापा, आणि ५.४ सेंटिमीटर रुंद, २१.४ लांब अशी एक आडवी. पाठीच्या तुकड्यावर डावीकडे, उजवीकडे आणि खाली या चिकटवा. वरची बाजू मोकळी सोडा. त्यावर तोंडाचा तुकडा चिकटवला की वरून उघडा असा खिसा तयार होतो. त्या खिशात सरकवायला २१ बाय ३४.५ सेंटिमीटरचं जाड पांढरं कार्डशीट कापा आणि त्याच्या वरच्या कडेला रिबिनीचा तुकडा लावा. चित्र या कार्डशीटवर, खालच्या कडेला कड जुळवून ठेवायचं आणि खिशात सोडायचं. रिबीन ओढली की चित्र बाहेर. तुमचा मुलगा हे स्वतः करू शकेल, आणि तेच हवं आहे. खिशात जागा असते, तेव्हा जुनी सात-आठ चित्रं मागे तशीच राहू द्या.

कापताना घाई नको. स्टीलची फूटपट्टी दाबून धरा. कटरचं पातं नवं घ्या आणि एकाच रेघेवरून तीन वेळा फिरवा : पहिल्यांदा नुसता वरचा कागद चिरायचा, दुसऱ्यांदा मधला नागमोडी, तिसऱ्यांदा खालचा. एका दमात कापायला गेलात की पुठ्ठा दाबला जातो आणि कडेला दात पडतात. खिडकीच्या कोपऱ्यात सगळ्यांचीच गडबड होते, कटर रेघेच्या पुढे जातो. म्हणून कटर कोपऱ्यात टोचून तिथून मधे आणा. मग समोरच्या कोपऱ्यात टोचा आणि मधे आणून पहिल्या रेघेला मिळवा. कटर मुलाच्या हातात द्यायचा नाही. त्याला फेविकॉलचं काम द्या.

फेविकॉल पातळ लावा आणि बोटानं पसरवा. थापला की पुठ्ठा ओलावतो आणि वाकतो. पाठीच्या तुकड्यातल्या नागमोडी कागदाच्या नळ्या उभ्या आणि तोंडाच्या तुकड्यातल्या आडव्या येतील असे तुकडे काढलेत तर चौकट सरळ राहते. चिकटवल्यावर वर पाट ठेवा, पाटावर दळणाचा डबा, आणि रात्रभर हात लावू नका.

वरून कागद किंवा कापड चढवायचं असेल तर मागेही कागद चिकटवा. एकाच बाजूला चिकटवलेला कागद वाळताना आकसतो आणि चौकट त्या बाजूला वळते. रंग कुठला, असं पुढचं पत्र येईलच, म्हणून आत्ताच सांगते : साधा. मळकट पांढरा, राखाडी, फार तर फिका पिवळा. खणाची चौकट फार सुंदर दिसते, पण मग येणारा-जाणारा खण बघतो. सहा वर्षांच्या पोराच्या चित्रात आधीच नऊ रंग भांडत असतात, दहावा आपण कशाला घालायचा?

समोर काच नको. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगला वरून लावतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद ए४ मापातच मिळतो. तोंडाचा तुकडा चिकटवण्याआधी तो खिडकीच्या मागे टेपनं लावा. चौकट डोक्यावर पडली तरी रडारड होणार नाही. आणि चित्राच्या मागे नेहमी पांढरा कागद असू द्या. तपकिरी पुठ्ठ्यात आम्ल असतं, त्याला लागून राहिलेला कागद पिवळा पडतो. जुन्या फोटोंच्या मागे तपकिरी डाग येतात, त्यातले बरेच याच पुठ्ठ्याचे.

प्रश्न : मुलीची ऑइल पेस्टलची चित्रं हाताला लागतात, एकमेकांवर रंग उतरतो. टिकावीत म्हणून सगळी लॅमिनेट करून टाकू का? मित्र म्हणतो, हेअर स्प्रे मार. – एक बाबा, नाशिक

दोन्ही नको.

लॅमिनेशनमध्ये कागद तापलेल्या रोलरांमधून जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टिक चिकटतं. पेस्टल आणि खडू म्हणजे मेण आणि तेल. उष्णतेनं ते पाघळतं, रंग पसरतो, आणि तेलकट जागी प्लास्टिक नीट धरतही नाही, फुगे येतात. एकदा केलेलं लॅमिनेशन काढता येत नाही. रेशनकार्डाला ठीक आहे. हेअर स्प्रे केसांसाठी आहे. कागदावर तो कालांतरानं पिवळा पडतो आणि धूळ धरतो.

ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, हे आधी लक्षात घ्या. म्हणून समोरची काच किंवा प्लास्टिक चित्राला टेकता कामा नये. खिडकी असलेला माउंट मधे आला की तेवढी पोकळी आपोआप मिळते. चिंचवडच्या ताईंना सांगितलेल्या चौकटीत प्लास्टिक आणि चित्र यांच्यामध्ये, चित्राच्या चारी कडांना, पातळ पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या घाला. न लावलेली चित्रं एकावर एक रचताना मधे बटर पेपर घाला, केक भाजताना भांड्यात घालतात तोच.

स्केचपेनच्या चित्रांचं दुखणं वेगळं. ती हाताला लागत नाहीत, पण उन्हानं उडतात, आणि जांभळा-गुलाबी सगळ्यांत आधी. खिडकीसमोरच्या भिंतीवर स्केचपेनचं चित्र लावू नका. फार आवडतं असेल तर रंगीत झेरॉक्स काढून ती भिंतीवर लावा आणि मूळ चित्र फाइलमध्ये ठेवा. मुलीला तसं सांगून करा, म्हणजे झालं.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. तिचं एक चित्र मला इतकं आवडलं की तिला न सांगता फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. वाटलं खूश होईल. ती चिडली, म्हणाली, "तू माझा सूर्य कापलास." आता चित्रच काढत नाही. – एक आई, ठाणे

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माउंटची खिडकी चित्रापेक्षा सगळ्या बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान असते, नाहीतर चित्र खिडकीतून बाहेर पडेल. मोठी माणसं कडा सोडून चित्र काढतात. पोरं काढत नाहीत. सूर्य उजव्या नाहीतर डाव्या वरच्या कोपऱ्यात, पाव गोल, कागदाच्या कडेला घट्ट बसवलेला. खाली गवत कडेपर्यंत. नाव अगदी तळाला. माउंट लावला की सूर्याची किरणं, गवत आणि सही, तिन्ही गेली.

अशा चित्राला खिडकी लावायचीच नाही. चित्रापेक्षा मोठा पांढरा किंवा फिका पुठ्ठा घ्या आणि त्यावर चित्र अख्खं ठेवा, चारी कडा दिसतील असं. चित्राच्या मागे मधोमध दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा असला की चित्र जरा उचललेलं दिसतं, कडांची बारीक सावली पडते. आमच्या दुकानात जलरंगाच्या चित्रांना हे करून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. चिकटवायला सेलोटेप वापरायचा नाही. काही वर्षांत तो पिवळा पडतो, सुटतो, आणि डाग कागदातच ठेवून जातो. त्याऐवजी पातळ कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या मैद्याच्या खळीनं चित्राच्या मागे, फक्त वरच्या कडेला लावा आणि त्यांवर चित्र टांगा. पुढे कधी काढायचं झालं तर पट्टीला पाण्याचं बोट लावलं की खळ सुटते. खळ नखाएवढीच लावा, कसरीला ती फार आवडते. बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, लहान मुलांच्या घरात नको.

लेकीला विचारा, काय लावायचं ते. तिनं तुमच्या मते सगळ्यांत वेडंवाकडं चित्र निवडलं तर तेच लावा. तुम्हाला आवडलेलं चित्र तिची परवानगी असेल तर तुमच्या खोलीत. मागे पेन्सिलीनं तिचं नाव, तारीख आणि चित्रात काय आहे ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा. बॉलपेननं लिहिलंत तर पुढून वण उठतात.

आणि सगळी चित्रं भिंतीवर असलीच पाहिजेत असं कुठंय? सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आपली चित्रं पोथीत ठेवतात. पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि कथा सांगताना एकेक पान समोर धरायचं. चित्र बघायची वेळ आली की बाहेर, नाहीतर पोथी बांधून ठेवलेली. घरी एखादी मोठी फाइल ठेवा आणि पाहुणे आले की लेकीला तिची पोथी उघडू द्या. बघा, आठ दिवसांत हातात खडू येतो की नाही.

प्रश्न : नातू एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करतोय. त्याची सरावाची चित्रं फ्रेम करावीत असं मनात आहे. घरात मोडक्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या आहेत, करवत आहे, वेळ तर भरपूर आहे. पण ४५ अंशांचे कोपरे काही केल्या मिळत नाहीत, फट राहते. – एक आजोबा, मिरज

आजोबा, फट हात थरथरल्यामुळे राहत नाही, हिशोबामुळे राहते. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एका अंशानं चुकला तरी चौथ्या कोपऱ्यात आठ अंशांची फट जमा होते. दुकानात यासाठी यंत्र असतं. घरी ४५ अंशांच्या वाटेला जाऊच नका, सगळे काप काटकोनातच घ्या.

चौकट दोन थरांची करा. नातवाचा कागद पाव इम्पीरियल, ११ बाय १५ इंच असेल, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर. पुढच्या थराला ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्या घ्या : दोन उभ्या ४४.३ सेंटिमीटर लांब आणि त्यांच्या मधे बसणाऱ्या दोन आडव्या २६.३ लांब. मागच्या थराला ३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या, आणि इथे उलटं करायचं : आडव्या दोन पूर्ण, ३४.३ सेंटिमीटर, आणि त्यांच्या मधे उभ्या दोन, ३८.३. बाहेरच्या कडा जुळवून थर एकमेकांवर चिकटवले की पुढच्या थराचा सांधा मागच्या अखंड पट्टीवर येतो. कोपरा इतका पक्का बसतो की ओढून निघत नाही. मागची पट्टी एक सेंटिमीटर अरुंद असल्यामुळे आतून खाचही तयार मिळते, चित्र बसायला. वेगळं रंधायला नको.

चिकटवताना गुण्या लावाच, पण त्याच्यावर भरवसा ठेवून थांबू नका. दोरीनं दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौकट काटकोनात, नाहीतर लांब कर्णाच्या टोकांना हलकं दाबून सरळ करा. समोरासमोरच्या पट्ट्या मापून कापू नका, दोन्ही एकत्र बांधून एकदमच कापा. सागवानाला चुका मारण्याआधी बारीक भोक पाडून घ्या, टोकाजवळ लाकूड चिरतं.

मागे हार्डबोर्ड लावायचा, पण ठोकायचा नाही. लाकडाच्या चार छोट्या पट्ट्या, प्रत्येकी एकाच स्क्रूवर, फिरत्या ठेवा. फिरवल्या की पाठ निघते. नातवाचा हात दर महिन्याला सुधारत जाईल, दर महिन्याला चित्र बदला. पलंगावर जुना ऑइल पेंट असेल तर तो घासताना नातवाला जवळ उभं करू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासाल तेही पाणी लावून, कोरडं नको.

प्रश्न : भाड्याच्या घरात राहतो. घरमालक एकही खिळा मारू देत नाहीत. दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावली तर रंगाचा पापुद्रा निघाला. – अंधेरीहून एक जोडपं

टेप सोडा. कपाटाची दारं आणि आधीच्या भाडेकरूनं मारून ठेवलेला कॅलेंडरचा खिळा, एवढं तुमच्याकडे नक्की असेल. कपाटाच्या दाराच्या वरच्या कडेवर रिबीन टाका, तिचं एक टोक आतल्या बाजूला बांधा आणि दुसऱ्या टोकाला चौकट. पुठ्ठ्याच्या चौकटीला वजन नसतं. खिडकीच्या ग्रिलला सुतळी बांधून चिमट्यांनीही लावता येईल, पण उन्हाचं मघाशी सांगितलंच. नाहीतर चौकटीच्या मागे पुठ्ठ्याची तिरकी टेकू-पट्टी लावा आणि टीव्हीशेजारी उभी करा. घरमालकांना चहाला बोलवा आणि मुलाचं चित्र दाखवा. खिळ्याचा विषय तेव्हा काढायचा.

प्रश्न : चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पटावर चाळीसेक मुलं, फ्रेमसाठी निधी शून्य. व्हरांड्यात चित्रं चिकटवली तर पहिल्या पावसात लगदा. आणि चांगली चित्रं लावली की उरलेली मुलं हिरमुसतात. – एक शिक्षिका

बाई, तुमच्या भागात बांबू आहे, म्हणजे निम्मं काम झालं. चित्राच्या रुंदीपेक्षा दोन-दोन इंच लांब अशा कामट्या काढून घ्या, एका चित्राला चार. दोन कामट्यांची सपाट अंगं समोरासमोर ठेवून मधे चित्राची वरची कड धरायची आणि दोन्ही टोकं सुताच्या दोऱ्यानं घट्ट बांधायची. खालच्या कडेला तशाच दोन. वर सुतळी, की झालं. शाळेतले कापडी नकाशे असेच वर-खाली काठी घालून टांगलेले असतात. खालच्या कामट्यांच्या वजनानं कागद सरळ राहतो, वाऱ्यानं वळत नाही. एका टोकाची गाठ सोडली की चित्र बदललं. कामट्यांची धार पॉलिश पेपरनं मोडा, कुस बोटात जाते. वापरण्याआधी आठ-पंधरा दिवस पाण्यात भिजवून सावलीत सुकवल्या तर भुंगा कमी लागतो. बांबू अवसेला तोडावा असं जुनी माणसं सांगतात. तेही करून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरं साधन प्रत्येक घरात दर जानेवारीला टाकून दिलं जातं : भिंतीवरच्या कॅलेंडरची वरची पत्र्याची पट्टी, कडीसकट. मुलांना सांगून गोळा करा. पक्कडीनं पट्टीचं तोंड हलकेच उघडा, जुना कागद काढा, चित्र घाला आणि परत दाबा. टोकं धारदार असतात, ती तुम्हीच आत वळवून त्यांवर कापडी टेप लावा.

जूनपासून व्हरांड्यात काही नको. चित्रं वर्गात आणा, तीही बाहेरच्या ओल्या भिंतीवर नको, दोन वर्गांमधल्या भिंतीवर. उंची मुलांच्या डोळ्यांची धरा, साहेबांच्या नव्हे. हिरमुसण्याचं म्हणाल तर, चांगली चित्रं निवडूच नका. हजेरीच्या क्रमानं लावा, आठवड्याला दहा. महिन्यात सगळ्यांचा नंबर लागतो आणि कोण पहिला-दुसरा हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या इन्स्पेक्शनच्या दिवशी नेमकं कुणाचं चित्र लागलेलं असेल, ते हजेरीवर सोडा.

प्रश्न : मुलाचं चित्र हौसेनं काचेत घातलं. पावसाळ्यानंतर बघते तर कागदावर काळे ठिपके आणि कडा कुरतडलेल्या. घर जुनं, चिऱ्याचं. – म्हापशाहून एक आई

ठिपके बुरशीचे, कुरतडणं कसरीचं. दोघांनाही ओल लागते, आणि ओल तुमच्या भिंतीतून येते. फ्रेम भिंतीला चिकटून बसली की मागची हवा कोंडते. मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीच्या गाद्या लावा. आम्ही दुकानात जुन्या हवाई चपलेचे चौकोनी तुकडे कापून लावायचो, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. मात्र चित्रात गणपती असेल तर बाटलीच्या बुचाचे तुकडे घ्या, घरातल्या ज्येष्ठांचं ऐकून घ्यायला नको. वरची बाजू कडीमुळे तशीही भिंतीपासून सुटी असते.

पावसाळ्याच्या तोंडाला, मे अखेरीस, चित्रं उतरवा. कोरड्या दिवशी चौकटी उघडून सावलीत वारा द्या, उन्हात नको. मग चित्रं बटर पेपर घालून फाइलमध्ये आणि फाइल कपाटाच्या वरच्या खणात, तळाच्या नको. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, फाइलशेजारी ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. गणपतीला घर सजवताना हौस म्हणून चित्रं परत काढाल. पण तुमच्याकडे तेव्हाही हवा ओलीच असते, दिवाळीपर्यंत थांबलात तर बरं.

आत्ता ठिपके आलेलं चित्र ओल्या फडक्यानं पुसू नका, बुरशी पसरेल. नाकाला रुमाल बांधून, अंगणात, पूर्ण वाळलेल्या कागदावरून मऊ ब्रशनं झटका. डाग राहतील. राहू द्या.

प्रश्न : मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी मसूर, मूग आणि तांदूळ चिकटवून मोर केला आहे. दृष्ट लागावी असा झालाय. तो कायमचा फ्रेम कसा करायचा? – एक आई, सातारा

कायमचा नाही करता येणार, ताई. आत बंद केलात की महिन्या-दोन महिन्यांत काचेच्या आतून टोके, म्हणजे धान्यातले किडे, फिरताना दिसतील. मोराची पिसं खाऊन झाली की ते काचेला भोक पाडत नाहीत एवढंच समाधान. आमच्या दुकानात अशी कडधान्याची चित्रं येतात, आम्ही परत पाठवतो.

थोडे दिवस लावायचा असेल तर मिठाईच्या खोक्याचा खालचा भाग चौकट म्हणून घ्या. दीड-दोन इंच खोल असतो, मोर आत बसतो आणि पुढे काहीच झाकायचं नाही, उघडाच ठेवायचा. दिवसाच्या उजेडात, सावलीत धरून, वरून सरळ त्याचा फोटो काढा, मोठा प्रिंट करून घ्या आणि तो पहिल्या उत्तरातल्या चौकटीत घाला. टोके दिसायला लागले की मोर घराबाहेर न्या. पाखरांना घालू नका आणि डाळ वाया जाते म्हणून धुऊन वरणातही टाकू नका, तिला फेविकॉल लागलेलं आहे.